दहा लाखांना सतरा कमी

निपाणीच्या घरात पत्र्याच्या डब्यात वही सापडली.
उघडली की अजून शिंका येतात.
नाव: आक्काताई भाऊ शिंत्रे. खाली रोज एकच आकडा, हजार.
हजार दिवस, हजार बिड्या.
शेवटच्या पानावर मुकादमाची तांबडी शाई:
छाट १७. जमा ९,९९,९८३.

मी तो आकडा फोडायला बसले.
अंकांची बेरीज सत्तेचाळीस, तिनाला जमेना.
सातानं पाच उरले, अकरानं सहा,
तेरानं दहा.
पंचवीसचे कट्टे बांधले तर
एकोणचाळीस हजार नऊशे नव्व्याण्णव,
आणि सुपात आठ बिड्या सुट्या.

हजाराच्या पुढं जायचं कारण नाही, बडिगेर सर सांगायचे,
हजार हजारी दहा लाख, आणि आपला आकडा त्याच्या आतला.
हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट.
तेवढी दारं वाजवली, दोन रात्री.
शेवटचं नऊशे सत्त्याण्णवचं.
बाकी नऊशे एकोणनव्वद.

सर फळ्यापाशी म्हणायचे, एंबत्तोंबत्तु:
ऐंशी आणि नऊ.
घरी आम्ही एकोणनव्वद, नव्वदाला एक कमी.
एक भाषा असलेलं मोजते, एक नसलेलं.
बाकी मात्र तेवढीच राहते.

तर, मूळ संख्या.
दोन वर्गांची बेरीज करूनही ती मिळत नाही;
चारानं भागून तीन उरणाऱ्यांना ती मुभाच नाही.
पुढं एकोणीस घरं, सगळी फुटणारी.
दहा लाखाची वेस ओलांडून तीन पावलं गेलं
की भेटते दहा लाख तीन, तीही अशीच अखंड.
मला कागलची मावशी आठवली.
दूधगंगेच्या अलीकडून पलीकडून
दोघी बहिणी फोनवर एकदमच बोलतात,
आणि दोघींना सगळं ऐकू येतं.

आईला विचारलं, ही सतरा कशी गं छाटली?
ती बराच वेळ कात्री शोधत राहिली.
कात्री मांडीवरच होती.
"तुझी हुती ती.
नऊ वर्साची हुतीस, शाळा सोडून बसलेली माझ्याजवळ.
येकीचं बी तोंड मिटंना.
मुकादमानं फेकली. म्हटलं, बरं झालं.
दुसऱ्या दिशी तुला परत शाळंत सोडली."

मग मी तिला समजावलं:
ती सतरा धरली असती तर झाले असते दहा लाख.
दहा लाखाला एकोणपन्नास वाटेकरी आहेत आई,
दोनानं जातो, पाचानं जातो, ज्याला हवा त्यानं वाटून न्यावा.
हिला दोनच. एक, आणि ती स्वतः.

तिनं वही हातात घेतली, तांबड्या शाईवर बोट फिरवलं.
"व्हय," म्हणाली,
"पर सतराची मजुरी कापलीच की त्यानं."