चार बोटं डावीकडे

शारजाच्या बाहेर, सजा नावाच्या भागात
(तलाठ्याचा सजा नव्हे, कोर्टाचीही नव्हे,
गावाचं नावच तसं)
तिसऱ्या शेडखाली एक जुनी हायएस उभी आहे,
पांढरी, म्हणजे एकेकाळी पांढरी.
चौदा सीटा निघाल्या, बोल्टांची भोकं उरली.
गुलरेजनं त्यांत सिलिकॉन भरलंय,
दाढेत सिमेंट भरावं तसं.

मालकीण मोझाबाई. थंडीत डोंगराकडे जाणार,
सोबत नवरा आणि एक मांजर.
कागदावर चित्र काढून आणलंय तिनं:
उशाशी एक पॉइंट, ओट्यावर दोन, टेबलाखाली एक,
मागच्या दाराशी एक, बाहेरच्या चहासाठी,
आणि एक मांजरीच्या पंख्याला.
सहा.
मी पुन्हा मोजले. सहाच.
भाव सांगताना जीभ जराशी अडखळली.

कॅम्प म्हटलं की तिला वाळू दिसते, शेकोटी,
मला दिसते खोली नंबर एकवीस:
आठ माणसं, एक पॉइंट,
भिंतीवर वहीच्या पानावर लावलेल्या पाळ्या,
दहा ते अकरा परकार, अकरा ते बारा टेकराज,
माझी पाळी पहाटे तीनला.
किती बायकांनी इकडचं वाक्य
तीन टक्क्यांवर तुटलेलं ऐकलं असेल.

असो. काम.
इंजिनाची बॅटरी वेगळी, घराची वेगळी,
मध्ये रिले. गाडी चालू तोवरच देवाणघेवाण,
नाहीतर रात्रभर दिवे जळणार
आणि सकाळी गाडी डोंगरात ढिम्म.
फ्यूज बॅटरीला बिलगून हवा.
पत्र्यातून वायर ओवायची तर भोकाला आधी रबराची बुगडी,
नाहीतर पत्रा खड्ड्याखड्ड्याला तिचं कातडं सोलतो
आणि एक दिवस धूर.
हे मला कुणी शिकवलं नाही, धुरानं शिकवलं.
ताणून बांधू नकोस रे, थोडी सैल राहू दे,
चालत्या घरात सगळंच हलतं.

आणि अर्थिंग? गुलरेज विचारतो.
चार रबरी चाकांवरच्या घराला जमीन कुठली.
हिचा सांगाडाच जमीन समजायचा,
सगळे हिरवे-पिवळे धागे त्यालाच नेऊन कसायचे.
म्हटलं, अर्थ असा आपला आपणच लावायचा.
तो हसला नाही. गुलरेज बन्नूचा,
त्याच्याकडे अर्थ म्हणजे मातीत पुरायची तार.

दुपारी उशाशीचा पॉइंट घेतला.
पेन्सिलीनं खूण केली, ड्रिलला गोल करवत लावली,
आणि दिसलं, उघड्या पत्र्यावर,
(आतलं पॅनल तेव्हा निखळलेलं असणार)
बॉलपेननं, धावत्या गाडीतलं अक्षर:
उद्या शुक्रवार.
शेवटच्या र चा पाय लांबवर ओढला गेलेला.
ब्रेक लागला असावा.

सुट्टी तेव्हा शुक्रवारची होती.
नाव नाही, तारीख नाही. मराठी असेल, नेपाळी असेल.
चार वर्षं मीही अशाच एका गाडीत
खिडकीला डोकं टेकून झोपत साइटवर गेलो.
हीच का, सांगता येत नाही,
सगळ्या पांढऱ्याच असतात.

पेन्सिल थुंकी लावून पुसली.
खूण चार बोटं डावीकडे घेतली.
मोझाबाई उद्या टेप लावून बघेल,
विचारील, हा चित्रापेक्षा बाजूला का?
सांगेन, मागे पत्र्याची शीर होती.
तसं खोटं नाही.

रात्री आठला प्लाय चढवला, इन्व्हर्टर चालू केला,
सहाही पॉइंटांना मीटर लावला. दोनशे तीस, दोनशे तीस,
मांजरीच्यालासुद्धा दोनशे तीस.
गुलरेजनं मागच्या दाराशी किटली लावली,
मी उशाशी माझा फोन.
पाठ प्लायला टेकवली, तो शुक्रवार पाठीमागे कुठेतरी,
आणि रांगेत कुणी नव्हतं.

किटलीनं सूर धरला तसे दिवे किंचित दबले.
इन्व्हर्टर लहान पडतोय.
बाईला सांगायला हवं.