तिसरं कडवं

टेप सापडली हेलेधच्या मावशीच्या शिवणाच्या डब्यात,
बटणांखाली.
वर पेन्सिलीनं: लेय्सा, कूम बेदू, स्वयंपाकघर.
साल पुसलेलं.

एक बाई गाते आहे. सत्तरीच्या पुढची,
आवाज चऱ्हाटासारखा, पिळाचा.
मागं किटली, एक कुत्रा, कुणाची तरी खुर्ची सरकते.
पहिली चरवी धन्याची, दुसरी मांजराची आणि पोरांची,
मग ती थांबते.
सात सेकंद. मी मोजलेत.
मग हसते, म्हणते, "राहू दे,"
आणि एकदम चौथ्या चरवीवर जाते.

आम्ही पाच जण.
गेथिन रात्री दुधाचा टँकर चालवतो, संध्याकाळी ड्रम.
नेस्टची हार्प, तारांच्या तीन रांगांची;
दिवसा ती दातांच्या दवाखान्यात असते.
मी साउंड बघतो.
तालीम बंद पडलेल्या चॅपलमध्ये, तिथं आता गालिचे विकतात.
उभ्या गुंडाळ्या भिंतीशी,
प्रार्थना संपली हे कुणी सांगितलंच नाही अशा.

गाणं धार काढतानाचं,
गायीनं पान्हा सोडावा म्हणून.
आणि इथं गाण्यानंच पान्हा चोरलेला.

हेलेध म्हणाली, आपण लिहू.
लिहिलं. व्याकरण चोख,
शेजारचा शब्द बघून जिथं पहिलं अक्षर मऊ करायचं
तिथं ते मऊ केलेलं,
तरी कडवं नव्या बुटासारखं करकरत राहिलं.
मग ते सात सेकंद तसेच ठेवले, किटलीसकट.
खाली सिंथचा एक खर्ज, गेथिनचा ब्रश.
कार्डिफला लोकांनी डोळे मिटून घेतले.
कुणीसं लिहिलं: विस्मरणाचं स्मारक.
आम्ही ते पोस्टरवर छापलं.

नोव्हेंबरात कूम बेदूच्या खालच्या गावी, रग्बी क्लबात कार्यक्रम.
संपल्यावर एक म्हातारा, टेगिद नावाचा,
मी केबल गुंडाळत होतो तिथं आला. टोपी हातात.
"ती माझी आई."
मग बराच वेळ केबलकडेच बघत राहिला.
"विसरली नव्हती ती.
तिथं नाव घालायचं असतं. धारेला जी असेल तिचं.
पेनवेन, पांढऱ्या डोक्याची. ब्रिथेन, कवडी.
मोरविद म्हणून एक लाथाडी होती, तिचंसुद्धा.
त्या हिवाळ्यात आम्ही गोठा रिकामा केला होता.
तुमचा तो मशीनवाला आला तेव्हा
कुणाचं नाव घेणार होती?"
"मग हसल्या का?"
"पाहुणा होता ना तो."

हेलेधला सांगितलं. ती व्हॅनच्या पुढच्या सीटवर
हीटर चालू, दार उघडं, अशी बसून राहिली.
पोस्टरं काढली त्याच रात्री,
हाताला लागली तेवढी.

आता आम्ही ते कडवं गातो. नाव हवं
म्हणून गेथिन पहाटे चारला, टँकरचा पाइप जोडता जोडता,
गोठ्यागोठ्यावर विचारतो.
बहुतेक जण हसतात. सहाशे जनावरं, नावं कसली?
एका पोरीनं मात्र, हातातला ब्रश थांबवून, विचार केला.
चारशे सतरा, म्हणाली.
सगळ्यांच्या शेवटी येते दाराशी.
रेडिओ लावला तरच.

काल रात्री आबेरिस्त्विथला
हेलेध तिसऱ्या कडव्याशी आली,
नेस्टनं तारांवर तळवा ठेवला,
आणि हेलेधनं गायलं. आमच्या भाषेत ते लांबतं:
चार शेकडे, एक दहा, सात.
चालीत बसेना.
दोन मात्रा बाहेर लोंबत राहिल्या
कानातल्या पिवळ्या बिल्ल्यासारख्या.