प्रतिवादी क्रमांक चार

बेलीफ आला तेव्हा मी अंगठा पुढं केला.
मग आठवलं, सही येते की मला.
आप्पाच्याच पाटीवर गिरवली होती, लेंगऱ्यात.

कागदावर आप्पा वर, एकटा : वादी.
खाली आम्ही चौघं : प्रतिवादी.
मधल्या ओळीत एकच शब्द, विरुद्ध,
त्याच्या दोन्ही अंगांना मोकळी जागा,
कुणी अंगण झाडून ठेवावं तशी.

क्रमांक चार,
सौ. हौसाबाई भ्र. यशवंत साळुंखे,
वय अठ्ठावन्न, धंदा घरकाम.
मला धंदा आहे हे तिथं कळलं.

मी कुठं वाद घातला?
बागवान वकील शेंगा सोलत होते.
म्हणाले, तुमच्याकडं मागणं काही नाही, मावशी.
वाटपाच्या दाव्यात सगळे हिस्सेदार लागतात,
एक वगळला तरी दावा पडतो.
तुम्ही आवश्यक पक्षकार.

आवश्यक.
विट्याच्या स्टँडपर्यंत शब्द तोंडात घोळवत आले.
विहीर पाडली तेव्हा कुणी कळवलं नव्हतं.
कोइमतूरचं गलाईचं दुकान भावाभावांत वाटलं,
मला गुंजभर चांदी दाखवली नाही.
आणि आता मी नसले तर
दावा पडतो.

नऊ वर्षं.
क्रमांक दोन, आमचा सर्जेराव, मयत झाला.
त्याच्या जागी दोन अ, दोन ब, दोन क.
दोन क म्हणजे नातू. अज्ञान, तर्फे आई.
साऱ्या गल्लीचे मोबाईल तोच दुरुस्त करतो.
अठरा भरली की सज्ञान होणार म्हणे,
त्याच दिवशी, सकाळी सकाळी.

निकाल लागला. आप्पाला पटला नाही.
सांगलीत तो अपीलदार, आम्ही जाबदार.
जाब कशाचा, ते अजून कुणी विचारलेलं नाही.

परवा विजयनगरच्या कोर्टात शिपायानं पुकारा केला.
आप्पाचा डावा कान गेलाय.
मी म्हटलं, ऊठ, तुला बोलावतायत.
जाबदाराच्या खांद्यावर भार देऊन
अपीलदार उठला, चप्पल शोधली,
आत जाऊन तारीख घेऊन आला.

परतीच्या एस्टीत
तो पंचाहत्तरीमुळं फुकट,
मी बाईमाणूस म्हणून अर्धी.
दोघांत मिळून अर्धं तिकीट.
ते कुणी काढायचं यावरनं
असे भांडलो, असे भांडलो,
की कंडक्टर पुढं गेला,
सगळी गाडी करून परत आला,
तरी आमचं चालूच.