अठरा नंबरचा दात

इझमिरच्या दंतमहाविद्यालयात, तिसऱ्या मजल्यावर,
फ्रिजच्या खालच्या कप्प्यात
मिठाच्या पाण्यात चोवीस दात आहेत.
कुणाचे, ते विचारायचं नसतं.
दाताला नंबर द्यायचा, नाव नाही.

अठरा नंबरचा माझ्या बाबांचा आहे.

मुळाशी वाकलेला, गळासारखा;
म्हणून ओळखू येतो.
तुलायनं तो उपटला तेव्हा मी बाबांचा खांदा धरून होते
आणि बाबा छताकडे बघत पुटपुटले,
"शेळी विते ती यापेक्षा लवकर."

चार वर्षं ठणकत होता.
उन्हाळा आला की हिरडीवर पुळी यायची, फुटायची,
बाबा केकिकच्या पाण्यानं चुळा भरायचे
आणि म्हणायचे, गेलं.
जात नव्हतं. खाली सरकत होतं.
मुळावर उठलेलं वरून कुठं दिसतं?
मग एकदा ठणका थांबला,
कारण आतली नस मेली होती.
बाबांनी ते श्रेय डोंगराला दिलं. मी देऊ दिलं.

केकिक म्हणजे आमच्या डोंगरावरचा ओरेगॅनो.
पिझ्झावरचा भुसा नव्हे;
तळहातावर ओवा चोळून खोल हुंगावा
आणि डोळ्यांत पाणी यावं, त्या जातीचा.
जुलैत गावात तांब्याचं भांडं चुलीवर चढतं.
शंभर किलो वाळका पाला, त्याचं जेमतेम अडीच किलो तेल,
आणि आठवडाभर सगळ्यांच्या उशांना त्याचाच वास.

त्या तेलाची बाटली बाबांनी मला बसनं पाठवली,
वर्तमानपत्रात, मग मोज्यात, मग डब्यात गुंडाळून.
चिठ्ठीत एकच ओळ: तुझ्या जंतूंना सांग, सातिल्मिशनं पाठवलंय.

सातिल्मिश म्हणजे 'विकलेला'.
आधीची तीन गेली, म्हणून चौथा
शेजारणीला मूठभर मिठावर विकला,
मरण दारात आलं तर म्हणायला, आमचा नाही हा.
असा लपून वाचलेला माणूस.

एन्टेरोकॉकसही लपूनच वाचतो.
दाताच्या भिंतीत केसाहून बारीक नळ्या असतात,
तिथं तो पाय पोटाशी घेऊन पडून राहतो,
उपाशी, महिनोन् महिने,
वर डॉक्टर सिमेंट भरून बिल देईपर्यंत.

मी चोवीस मुळं पोखरली, वाफेत निर्जंतुक केली,
मग मुद्दाम त्यांत जंतू पेरले. एकवीस दिवस.
आठ दातांत ब्लीच, आठांत नुसतं पाणी, आठांत बाबांचं तेल.

काचेच्या बशीत तेलानं कमाल केली होती:
थेंबाभोवती तेवीस मिलिमीटरचं निर्मळ अंगण,
एक जंतू फिरकला नाही.
मी फोटो पाठवला. बाबांनी तो कॉफीच्या दुकानात फिरवला.

दातात पहिल्या दिवशी शून्य.
सातव्या दिवशी पाच दात अजून शून्य, दोन काठावर,
आणि अठराव्यातून, वळणापलीकडच्या भुग्यातून,
तीन पांढरे ठिपके, मोहरीएवढे.
ब्लीचची ओळ बरी होती. तेलापेक्षा बरी.
मी पुन्हा मोजलं. तीनच.
बशीला वळण नसतं, एवढंच त्यातून कळलं.
तक्त्यात अठरासमोर तीन लिहिलं, आणि पेन खाली ठेवलं.

रात्री फोन आला.
"कोण जिंकलं?"
दात गेल्यापासून त्यांच्या श-स मधून वारा शिटी मारतो.
मी म्हटलं, बशीत तुम्ही. दातात अजून नाही.
तेल वळणापाशी थांबतं, बाबा.

पलीकडे कपाची बशी वाजली.
मग म्हणाले, "कड्याच्या वळणामागचा केकिक
मला तरी कुठं तोडता येतो?
तिथं मी जात नाही, शेळी जाते.
लहान हवी. हलकी."

आणि भावाच्या लग्नाचं विचारत बसले.

वहीत, अठराच्या समोर, समासात
मी एक शब्द लिहिला आहे,
तुलाय उद्या विचारेल हा काय प्रकार:
शेळी?