पत्रांची खोली, साउथ बेंड

माझं काम एवढंच: पत्र फोडायचं,
गाडीचा नंबर कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं लिहायचा
आणि तीन ट्रेंपैकी एकात ठेवायचं.
कौतुक. कुरकुर. कोर्ट.
चौथा मी स्वतःहून केला, बुटांच्या खोक्याचा.
त्याला नाव नव्हतं.

नेब्रास्काचे धान्यव्यापारी ऑर्विल टीमन:
‘ईस्टरच्या सकाळी, चर्चसमोर,
दाराची मूठ बायकोच्या हातात आली.
तिनं ती पर्समध्ये टाकली नि प्रार्थनेला गेली.
इंजिनाबद्दल मात्र ब्र काढणार नाही.’

ओरेगनचे दंतवैद्य, मागच्या लांबरुंद काचेविषयी:
‘गाडी येतेय की जातेय, असं विचारायचा
गावात आता एकही माणूस उरला नाही.
कृपया नवा विनोद पाठवावा.’

डुलुथची नर्स, आग्नेस हाल्वर्सन:
‘क्लच दाबला की चढावर गाडी मागं घसरत नाही.
बर्फात, लाल दिव्यापाशी,
माझ्याइतकी निश्चिंत बाई मिनेसोटात नसेल.
पुढचे पत्रे मात्र बिस्किटासारखे कुरतडले गेलेत.’
हे कौतुकात ठेवू की कुरकुरीत?
मी कात्रीकडे पाहिलं होतं, खरं सांगते.

आणि अलाबामाचे शाळामास्तर, ल्युशस पेटवे.
दोन पानं, फळ्यावर काढावं तसं अक्षर:
‘गाडीत खोट नाही.
विकणाऱ्यानं मला मागच्या दारानं आत घेतलं,
पैसे पुढच्या टेबलावर मोजून घेतले.
याचा स्पेअर पार्ट आपल्याकडे मिळतो का?’
साहेबांनी चष्मा पुसला. उत्तर सांगितलं नाही.
खोक्यात.

भिंतीवर एका घोडागाडीचा फोटो होता.
अठराशे बावन्न, दोन भाऊ स्टुडबेकर,
एक लोहाराची भट्टी, अडुसष्ट डॉलर.
त्यांच्या गाड्यांतून माणसं पश्चिमेला गेली,
बिऱ्हाड, बाळंतिणी, बियाणं घेऊन.
मग रस्त्यावरून घोडं गेलं.
इतर गाडीवाले घोड्याबरोबर गेले,
यांनी मोटार केली.
शंभराव्या वर्षी गावानं मिरवणूक काढली,
तेव्हा मी सोळाची, पायात मोठ्या बहिणीचे बूट.

बाबा ओतशाळेत. इंजिनाचे ठोकळे ओतायचे.
त्यांच्या भुवया मी फक्त लग्नाच्या फोटोत पाहिल्या.
गाडी कशी आहे विचारलं, तर पोलिश भाषेत म्हणायचे,
‘आत काय ओतलंय, मला ठाऊक आहे.’
हा अभिमान की इशारा,
आईलाही शेवटपर्यंत कळलं नाही.

त्रेसष्टचा डिसेंबर, सोमवार.
बातमी आम्हाला रेडिओनं सांगितली.
बाबांची एकतीस वर्षं, वय छप्पन्न.
पेन्शनचा हिशोब पुढच्या वर्षी आला:
डॉलरमागे पंधरा सेंट.
त्यांनी तो कागद घडी घालून
हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.
टेबल हलायचं थांबलं नाही.

मला मार्चपर्यंत ठेवलं होतं,
पत्रांचे गठ्ठे कॅनडाच्या कारखान्याला पाठवायला.
वरातीमागून घोडी येतच होती:
गॅस्केट गळतं, काटा अडकतो, हॉर्न मध्यरात्री वाजतो,
आणि एक, सहीशिवाय: ‘आता तक्रार कुणाकडे करायची?’
टीमनबाईंनी ती मूठ परत पाठवली,
रुमालात गुंडाळून.
‘तुम्हाला लागेल.’

शेवटच्या दिवशी खोकं घरी आणलं.
रात्री स्वयंपाकघरात, माझ्या पैशाच्या तिकिटावर,
अलाबामाला लिहिलं:
महोदय, उशिराबद्दल क्षमस्व.
आपण मागितलेला पार्ट
आम्ही कधी बनवलाच नाही.
पुढे काय लिहावं ते सुचेना. शाई वाळली.

बाबा पाणी प्यायला उठले.
‘कोणाला?’
‘गिऱ्हाइकाला.’
ते ग्लास धरून उभे राहिले.
‘इंजिनाबद्दल काय म्हणाला?’