अर्जातला चौथा प्रश्न

'संशोधन का करायचे आहे? शब्दमर्यादा दीडशे.'
राजापूरच्या लॅबमध्ये सात वर्षं
स्लाइडी रंगवल्या, असं लिहिलं.
खोडलं.

आई जयतापूरच्या खाडीतल्या तिसऱ्या
दोन-दोन घेऊन एकमेकींवर आपटते,
कान देते.
"दिसतत सगळ्यो सारख्योच.
मेलेली बद्द वाजता.
एकच पुरे, कालवण नासवूक."

सोलकरांच्या अझीमचं रक्त
मी टोपलीनं मोजलं होतं.
पांढऱ्या पेशी, एकूण.
औषधांनंतर रिपोर्ट स्वच्छ,
मीच टाइप केला.
त्याच्या बापानं लॅबभर खजूर वाटले.
शिमग्याला आजार परतला.

एकेक पेशी सुटी करून
तिला कान देणारं यंत्र
तिथे आहे म्हणे.

लिहिते:
बद्द आवाज शोधायचाय.
एकशे सत्तेचाळीस शब्द उरतात.

आई हात पुसत विचारते,
"पगार देतत मा थंय?"