हाल्ब फिअर

ग्रिम्सबीच्या धक्क्यावर चाळीस वर्षं मासळी तोलली,
एकाही माशाने विचारलं नाही,
क्लिफर्ड, मी तो, ती, का ते?

इथे ब्रेमरहाफनमध्ये, दर मंगळवारी,
टियार्क्सबाई फळ्यावर लिहितात:
चमचा तो. काटा ती. सुरी ते.
का, म्हणून विचारलं तर खिडकीबाहेर बघतात,
वारा का, असं कुणी विचारल्यासारख्या.
हेरिंग तो.
पोट चिरल्यावर अंड्यांची लगड निघाली
तरीही तो.
शेजारच्या खोक्यातली चपटी शोले ती,
आणि तिचा नरही तीच.

बशी टेबलावर ठेवत असताना टेबल 'डेन',
ठेवून हात मागे घेतला की 'डेम'.
टेबल तेच.
त्याचा डुगडुगणारा पायही तोच.

आमच्या भाषेत क्रियापद
कर्त्याची बाही धरून चालतं.
इथे आधी कुणी, मग कधी, कुठे, कुणाबरोबर,
कसल्या हवेत,
आणि अगदी शेवटी दोर ओढायचा.
तेव्हा कळतं जाळ्यात काय आहे.
कधी बूट असतो.

बालवाडीतली बाई म्हणाली होती,
उद्या लवकर न्या, हाल्ब फिअर.
हाल्ब म्हणजे अर्धा. फिअर म्हणजे चार.
मला येत होतं! एकही शब्द विचारावा लागला नाही.
आमच्याकडे अर्धा चार म्हणजे
चार वाजून गेले, वर अर्धा तास.
यांच्याकडे चार अजून यायचे असतात,
अर्ध्या रस्त्यात असतात.

साडेचारला पोचलो.
खुंट्या रिकाम्या. एका खुंटीवर पिवळा रेनकोट.
खाली बाकावर यान्नेस, माझ्या लेकीचा लेक,
वय वर्षं चार,
टोपी घालून, पिशवी मांडीवर घेऊन.
झाडूवाला त्याच्याभोवतीनं झाडत होता.

'ओपा,' तो म्हणाला, 'इश हाब आउफ डिश...'
आणि नाक पुसायला थांबला.

मी, तुझ्यावर...
तुझ्यावर काय?
रागावलो? रुसलो? रडलो?
रुमाल सापडेना. आधी एक बाही, मग दुसरी.
चाळीस वर्षांत इतका वेळ
कुठल्याच दोराच्या टोकाशी उभा नव्हतो.

'...गेवार्टेट.'

वाट पाहिली.

हे लोक वाट पाहतात ती माणसावर पाहतात.
हे टियार्क्सबाईंनी शिकवलं होतं,
तक्त्यात, सातव्या ओळीत.
मी पाठही केलं होतं.

घरी जाताना यान्नेसने माझ्या तीन चुका काढल्या,
बंदरावरच्या कावळ्याची, पुलाची आणि आइस्क्रीमची.
चौथी मला दिसत होती.
त्याचा उजवा बूट डाव्या पायात होता,
डावा उजव्यात.
स्वतःच घातले होते त्याने.
बहुधा साडेतीनला.